वाटीतले वजन



मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार यांपैकी एखादा आजार घरातील ज्येष्ठांना जडला, की औषधांच्या चिठ्ठीबरोबर आहाराचा एक तक्ताही घरी येतो. तांदूळ ३० ग्रॅम, डाळ ३० ग्रॅम, तेल १५ ग्रॅम, मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी, असे त्यात नेमके आकडे असतात. तो तक्ता फ्रिजच्या दारावर चिकटवला जातो आणि स्वयंपाक मात्र पूर्वीप्रमाणेच वाटी, चमचा, मूठ आणि चिमूट यांच्या हिशोबाने होत राहतो. यात कोणाचा हलगर्जीपणा नसतो. तक्ता वजनाची भाषा बोलतो, स्वयंपाकघर आकारमानाची, आणि या दोन भाषांचा दुभाषा घरात कोणी नसतो. परिणामी पथ्य पाळले जात आहे असे साऱ्यांना वाटत राहते, साखर किंवा रक्तदाब मात्र आटोक्यात येत नाही. किंवा याच्या उलट, 'रोज दोन वाट्या वरण' घेणाऱ्या आजींचे वजन महिन्यागणिक घटत जाते.

काही दिवसांपूर्वी दवाखान्यात सत्तरी ओलांडलेल्या एका मावशींनी तक्ता पुढे करून विचारले, "डॉक्टर, ह्यात एक वाटी म्हणून लिहिलंय, पण आमच्यात वाट्या तीन तऱ्हेच्या. आमटीची धरायची, का दह्याची, का नैवेद्याची?" प्रश्न अगदी रास्त आहे. आजच्या लेखात त्याचेच उत्तर शोधू या.

मापाचा शेर आणि वजनाचा शेर

आपल्यापैकी ज्यांनी ऐंशी ओलांडली आहे, त्यांनी शाळेत कोष्टके पाठ केली असतील. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. ही सारी धान्य भरून मोजण्याची मापे. दुसरीकडे तोळा, छटाक, पावशेर आणि शेर ही काट्यावर तोलण्याची वजने. 'शेर' हा शब्द दोन्हीकडे होता, परंतु मापाचा शेर वेगळा आणि वजनाचा शेर वेगळा, हे त्या काळातील गृहिणीला ठाऊक असे. एक पायली ज्वारी आणि एक पायली शेंगा यांचे वजन सारखे भरत नाही, हे तिला कोणी शिकवावे लागत नव्हते.

१९५६ साली वजन-मापांच्या प्रमाणीकरणाचा कायदा झाला, १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२ पासून ती सक्तीची झाली. बाजारात किलो आणि लिटर स्थिरावले. लक्ष्मीपुरीतील धान्याच्या दुकानातून डाळ किलोवर घरी येऊ लागली, पण घरात आल्यावर ती पुन्हा वाटीनेच मोजली जाऊ लागली. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'सारख्या पुस्तकांनीही वाटी-चमच्याची मापे दिली आणि ती घरोघरी सोयीची ठरली. स्वयंपाकासाठी हे योग्यच आहे. पदार्थ चांगला होण्यासाठी घटकांचे परस्परप्रमाण जमले की पुरते, मग वाटी लहान असो वा मोठी. पथ्याचे मात्र तसे नाही. शरीरात नेमके किती ग्रॅम गेले, यावर तेथे सारे अवलंबून असते.

जुन्या वहीतील मसाल्याची अथवा काढ्याची यादी काढून बसणाऱ्यांसाठी एक खुलासा. सरकारी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा होता. त्या हिशोबाने तोळा ११.६६ ग्रॅम, छटाक ५८ ग्रॅम आणि पावशेर २३३ ग्रॅम. आज आपण पाव किलोलाच 'पावशेर' म्हणतो आणि सराफी बोलण्यात तोळा १० ग्रॅमचा धरतो. म्हणून जुन्या वहीतील 'अर्धा तोळा सुंठ' म्हणजे सुमारे ६ ग्रॅम, हे ध्यानात असावे.

वाटी एक, वजने अनेक

पाण्याचा हिशोब सोपा आहे. १ मिलीलिटर पाण्याचे वजन १ ग्रॅम, १ लिटरचे १ किलो. इतर पदार्थांत हा नियम चालत नाही, कारण दाण्यादाण्यांमध्ये आणि पिठाच्या कणांमध्ये हवा असते. पोह्यात ती पुष्कळ, साखरेत थोडी. म्हणून भांडे तेच असले तरी वजन बदलते. १५० मिलीलिटर पाणी मावणारी मध्यम वाटी सपाट भरली, तर साधारण पुढीलप्रमाणे वजने भरतात:

तांदूळ – १२५ ग्रॅम
तूरडाळ – १२५ ग्रॅम
साखर – १२५ ते १३० ग्रॅम
साबुदाणा – ११० ग्रॅम
रवा – १०५ ग्रॅम
शेंगदाणे – ९० ते ९५ ग्रॅम
गव्हाचे किंवा ज्वारीचे पीठ, हलके भरलेले – ७५ ते ८० ग्रॅम
बेसन – ६५ ते ७५ ग्रॅम
शेंगदाण्याचे कूट – ७० ग्रॅम
जाड पोहे – ५० ग्रॅम
तेल – १३५ ते १४० ग्रॅम
दूध – १५५ ग्रॅम

हे आकडे अंदाजाचे आहेत. डाळीचा दाणा, पिठाचा दळ आणि भरण्याची पद्धत यांनुसार ते थोडे इकडे-तिकडे होणारच. पीठ तर फारच फसवे. चमच्याने हलके भरले तर ७५ ग्रॅम, आणि तीच वाटी डब्यात खुपसून, आपटून, दाबून भरली तर ९५ ग्रॅमपर्यंत जाते. म्हणून पीठ मोजताना रोज एकच पद्धत ठेवावी.

परगावी किंवा परदेशी असणारी मुले-मुली पाककृती पाठवतात, त्यात 'कप' असतो. अमेरिकी कप सुमारे २४० मिलीलिटरचा आणि भाताच्या विजेवरील कुकरबरोबर येणारा कप बहुधा १८० मिलीलिटरचा असतो. आपल्या मध्यम वाटीपेक्षा दोन्ही मोठे. 'अर्धा कप भात' या सूचनेचे 'अर्धी वाटी' असे भाषांतर परस्पर करू नये.

काट्याविना वजन

स्वयंपाकघरासाठी लहान इलेक्ट्रॉनिक काटा मिळतो. रिकामे भांडे ठेवून आकडा शून्यावर आणण्याची सोय त्यात असते आणि पथ्याच्या घरात तो उपयोगी पडतो. पण तो नसला तरी अडत नाही. पुढील पद्धत कोणत्याही घरात एका दुपारी होण्यासारखी आहे.

प्रथम एक वाटी निवडा. घरात वाट्या कितीही तऱ्हेच्या असोत, पथ्यासाठी एकच ठरवा आणि तिच्या बुडाला खूण करा. आता डाळीची अर्ध्या किलोची बंद पिशवी फोडून त्या वाटीने सपाट मोजत डब्यात भरा. समजा चार वाट्या भरल्या, तर ५०० भागिले ४, म्हणजे एक वाटी १२५ ग्रॅम. पाच भरल्या तर १०० ग्रॅम. पिशवीवरील छापील वजनच येथे आपला काटा होते. तांदूळ, पीठ, रवा, साखर यांसाठी हेच करा आणि आकडा त्या त्या डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा. मावशींना मी हेच सांगितले: तीनपैकी कोणतीही वाटी धरा, पण ती एकदा मोजा आणि पुन्हा बदलू नका.

चमच्यासाठी औषधाच्या दुकानातून सुई नसलेली ५ मिलीलिटरची नवी सिरिंज आणा. तिने ५ मिलीलिटर पाणी घेऊन घरातील चमच्यांत घालून पाहा. वैद्यकीय सूचनेतील 'चहाचा चमचा' ५ मिलीलिटरचा असतो. घरातील काही चमचे ३ मिलीलिटरमध्येच भरतात, तर पोह्यांचा चमचा १० मिलीलिटरच्या आसपास घेतो. ज्या चमच्यात बरोबर ५ मिलीलिटर मावते, तो मिठाच्या आणि साखरेच्या मापासाठी वेगळा काढा. चमचा मोजायचा तो सपाट, म्हणजे भरल्यावर सुरीच्या पाठीने वरचा ढीग काढलेला. शीग लावून भरलेल्या चमच्यात सपाटाच्या दीडपट ते दुप्पट जिन्नस बसतो. सर्दी-खोकल्याचे पातळ औषध मात्र घरच्या चमच्याने कधीही घेऊ नये. बाटलीबरोबर आलेल्या मापानेच घ्यावे.

ज्यांचे हात थरथरतात किंवा ज्यांना बारीक आकडे दिसत नाहीत, त्यांच्यासाठी आणखी सोपे करता येते. ३० ग्रॅम डाळ बरोबर मावेल अशी छोटी वाटी किंवा झाकण शोधून ते डाळीच्या डब्यातच ठेवून द्या. मग मोजणे उरत नाही. माणशी एक झाकण, एवढेच.

कच्चे मोजावे, माणसांनी भागावे

आहाराच्या तक्त्यातील धान्य-डाळींचे ग्रॅम हे बहुतेक वेळा कच्च्या जिनसाचे असतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहारविषयक मार्गदर्शनातही धान्य २५० ग्रॅम, डाळी अथवा अंडी-मांस ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम असे दिवसाचे आकडे आहेत. तेही कच्च्या वजनाचे आणि २००० उष्मांकांच्या आहारासाठीचे. ज्येष्ठांना इतके उष्मांक सहसा लागत नाहीत, त्यामुळे आपला आकडा आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावा. पण तो कच्च्याचा की शिजलेल्याचा, हे विचारल्याशिवाय उठू नये.

याचे कारण पाहा. तांदळाचा भात झाला, की पाणी शोषून त्याचे वजन अडीच ते तीन पट होते. आपल्या १५० मिलीलिटरच्या वाटीत कच्चे तांदूळ १२५ ग्रॅम मावतात, पण त्याच वाटीतील शिजलेल्या भातात मूळ तांदूळ ४० ग्रॅमच्या आसपासच असतात. मधुमेह असलेल्या आजोबांना 'एक वाटी' सांगितली आणि घरच्यांनी ती कच्च्या तांदळाची समजली, तर त्यांच्या ताटात तिप्पट पिष्टमय पदार्थ जातील. उलट समजूत झाली तर ते उपाशी राहतील आणि औषधामुळे साखर उतरण्याचा धोका वाढेल.

वरणाचे दुखणे याहून सूक्ष्म आहे. वाटी भरलेली दिसते, पण ती डाळीने भरली आहे की पाण्याने, हे वाटी सांगत नाही. समजा पाच माणसांच्या वरणासाठी एक वाटी, म्हणजे १२५ ग्रॅम तूरडाळ शिजवली. प्रत्येकाच्या वाट्याला २५ ग्रॅम आली. तूरडाळीत साधारण २२ टक्के प्रथिने धरली, तर माणशी साडेपाच ग्रॅम. पाहुणे आले आणि त्याच डाळीत आणखी दोन तांबे पाणी घातले, तरी वाट्या भरतातच, पण प्रथिने वाढत नाहीत. ज्येष्ठांना दात नाहीत म्हणून वरचे पातळ वरण वाढले, तर साडेपाच ग्रॅमसुद्धा मिळत नाहीत. डाळ तळाशीच राहते.

यात पणाला काय लागले आहे, ते स्पष्ट सांगतो. निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, असे आपल्या देशातील शिफारस सांगते. वार्धक्यात स्नायू झिजू लागतात, म्हणून अनेक डॉक्टर ज्येष्ठांना दर किलोमागे १ ग्रॅमच्या आसपास प्रथिने घ्यायला सांगतात. ५५ किलो वजनाच्या आजींना मग सुमारे ५५ ग्रॅम हवीत. दोन वेळच्या वरणातून ११, दोन भाकऱ्यांतून सुमारे १४, पाव लिटर दुधातून ८, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७. बेरीज ४० होते. उरलेली १५ ग्रॅम दही, उसळ, अंडे, मासे किंवा मांस यांतून यायला हवीत. ती येत नसतील तर दंड-मांड्या बारीक होतात, उठता-बसताना आधार लागतो आणि एके दिवशी न्हाणीघरात पाय घसरतो. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत.

म्हणून नियम एकच ठेवावा: पातेल्यात पडताना कच्चे मोजावे आणि खाणाऱ्या माणसांनी भागावे. ताटात वाढल्यावर मोजणे फसवे असते.

भाकरीलाही हेच लागू आहे. तक्त्यात 'दोन फुलके किंवा एक भाकरी' असे असते. पातळ फुलक्याला २० ते २५ ग्रॅम पीठ लागते. आपल्याकडची परातभर थापलेली भाकरी ७० ग्रॅम सहज घेते, म्हणजे तीन फुलक्यांएवढी. भाकरी उत्तमच आहे, पण मोजताना ती तीन फुलक्यांच्या जागी धरावी.

मीठ, चटणी आणि गूळ

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. बारीक मिठाचा ५ मिलीलिटरचा सपाट चमचा सुमारे ६ ग्रॅम भरतो. म्हणजे दिवसभराचे सारे मीठ एका सपाट चमच्यापेक्षा थोडे कमीच असायला हवे. खडे मीठ त्याच चमच्यात वजनाला कमी बसते, कारण खड्यांमध्ये पोकळी राहते. ते ग्रॅमला ग्रॅम मात्र तेवढेच खारट असते. काही चिठ्ठ्यांवर मिठाऐवजी 'सोडियम २ ग्रॅम' असे लिहिलेले असते. ते २ ग्रॅम मीठ नव्हे. ५ ग्रॅम मिठात साधारण २ ग्रॅम सोडियम असते. ही गफलत झाली तर आजोबांचे जेवण अकारण अळणी होते आणि ते जेवणच टाळू लागतात.

कोल्हापुरात या हिशोबातील मोठा भाग चमच्यात दिसतच नाही, कारण तो वर्षाच्या कांदा-लसूण चटणीत असतो. उन्हाळ्यात चटणी कुटून आणताना मिरची, खोबरे, कांदा, लसूण, मसाले आणि मीठ हे सारे किलोत मोजलेले असते. ती यादी जपून ठेवा. गणित तयारच आहे. समजा तयार चटणी २ किलो भरली आणि तीत पाव किलो मीठ होते. म्हणजे आठवा हिस्सा मीठ. पोह्यांच्या चमचाभर, म्हणजे सुमारे १० ग्रॅम चटणीतून सव्वा ग्रॅम मीठ जाते. दिवसभरात आमटीतून, भाजीतून आणि भाकरीवर तेल घालून मिळून दोन चमचे चटणी पोटात गेली, तर अडीच ग्रॅम; दिवसाचा निम्मा वाटा संपला. त्यावर आमटीत वेगळे मीठ पडते ते निराळेच. चटणी बंद करा असे कोल्हापूरकराला सांगण्याचे धाडस मी करणार नाही. पुढच्या वर्षी चटणी करताना ज्येष्ठांसाठी अर्धा किलो कमी मिठाची वेगळी काढून घ्या आणि ती शीतपेटीत ठेवा, एवढे मात्र जमण्यासारखे आहे. लोणचे-पापड यांचाही हिशोब असाच करावा.

महिन्याचा ताळाही पाहता येतो. चार माणसांच्या घरात प्रत्येकी ५ ग्रॅम धरले, तर दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे एक किलोचा पुडा ५० दिवस पुरायला हवा. तो महिन्याच्या आत संपत असेल, तर चमचा मोजण्याआधीच उत्तर मिळाले.

गुळाबाबत दोन शब्द. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे आणि त्याचा अभिमान योग्यच आहे. तथापि साखर 'चमचाभर' आणि गूळ 'खडाभर' मोजला जातो, तिथे फसगत होते. खड्यात हवा जवळजवळ नसते. सुपारीएवढा खडा १० ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे साखरेचे दोन चमचे. मधुमेहात गूळ साखरेपेक्षा निराळा धरता येत नाही. जेवणानंतरचा 'एवढासा खडा' हिशोबात लिहावा.

तेलाचा लिटर आणि तेलाचा किलो

तेल पाण्यापेक्षा हलके. एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम; बहुतेक पिशव्यांवर दोन्ही आकडे छापलेले असतात. घाण्यावरचे शेंगतेल किलोने मिळते, पिशवी लिटरने. एक किलो तेल म्हणजे सुमारे १.१ लिटर. तसेच १५ किलोच्या डब्यात साधारण साडेसोळा लिटर तेल असते, तर १५ लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोंच्या आसपास. भाव विचारताना हा भेद विचारावा.

पथ्याच्या दृष्टीने ग्रॅम आणि मिलीलिटर यांतील हा फरक जेमतेम दहा टक्क्यांचा आहे. खरा घोळ पळीत होतो. माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल सांगितले, तर दिवसाला साधारण १६ ते १७ मिलीलिटर, म्हणजे ५ मिलीलिटरचे तीन चमचे आणि वर थोडे. फोडणीची पळी बहुधा याहून मोठी असते. उपाय साधा आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला माणसांच्या हिशोबाने तेल एका वेगळ्या बरणीत काढून ठेवा आणि बरणीला चार आठवड्यांच्या खुणा करा. दुसरी खूण पहिल्याच आठवड्यात गाठली, तर कोणाला बोलावे लागत नाही. शेंगदाण्याच्या कुटातही चाळीस टक्क्यांहून अधिक स्निग्धांश असतो, म्हणून कूट घातलेल्या भाजीत फोडणीचे तेल अर्धे करावे.

पाणी: जिथे चूक महागात पडते

जुलाब-उलट्यांत द्यायची जलसंजीवनी घरी करायची झाल्यास प्रमाण असे: उकळून थंड केलेले १ लिटर पाणी, ५ मिलीलिटरचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. येथे पोह्यांचा चमचा शीग लावून वापरला, तर मीठ तिप्पट-चौपट होते आणि थकलेल्या वृद्धाला किंवा लहान नातवंडाला ते अपायकारक ठरते. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांत पटकी पसरली, तेव्हा बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण आधीच तोलून बांधून ठेवले. मग ते पाण्यात कालवून देणे नातेवाइकांनाही जमले आणि असंख्य जीव वाचले. अवघड तोलणे एकदाच करून ठेवावे, म्हणजे ऐनवेळी भरणे सोपे होते, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

आज तयार पाकीट मिळते, तेच उत्तम. पण पाकिटावरील पाण्याचे माप वाचावे. २० ते २२ ग्रॅमचे मोठे पाकीट १ लिटर पाण्यासाठी असते, ४ ग्रॅमच्या आसपासचे लहान पाकीट एका पेल्यासाठी, म्हणजे २०० मिलीलिटरसाठी. मोठे पाकीट एका पेल्यात कालवले तर द्रावण पाचपट तीव्र होते. हृदय किंवा मूत्रपिंड यांचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारून द्यावे.

ज्यांना दिवसाला दीड लिटरच द्रव सांगितला आहे, त्यांच्या शुश्रूषेसाठी एक युक्ती. सकाळी दीड लिटर पाण्याची बाटली भरून ठेवा. रुग्णाने चहा, ताक, आमटी, औषधाबरोबरचे पाणी असे जे घेतले, तेवढेच पाणी बाटलीतून ओतून झाडांना घाला. बाटली रिकामी झाली की दिवसाचा वाटा संपला. याच रुग्णांचे वजन रोज सकाळी, लघवी झाल्यावर आणि न्याहारीपूर्वी, एकाच काट्यावर करून लिहावे. एका लिटरचे वजन एक किलो, हा आपला पहिला नियम येथे कामी येतो. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढले, तर ती चरबी नव्हे. अंगात सुमारे दोन लिटर पाणी साठले आहे. पायांवरील सूज किंवा धाप यांची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

येत्या रविवारी एवढे करा. एक वाटी आणि ५ मिलीलिटरचा एक चमचा निश्चित करा, पाच डब्यांवर आकडे लिहा, तेलाची बरणी वेगळी काढा आणि चटणीची यादी शोधून मिठाचे गणित मांडा. हे सारे एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून लावा, म्हणजे सुनेऐवजी मुलगा किंवा मदतनीस बाई स्वयंपाक करत असली तरी माप तेच राहील. पुढच्या वेळी दवाखान्यात येताना तो कागद बरोबर आणा. तुमची वाटी किती ग्रॅमची हे मला कळले, तर चिठ्ठीवर ग्रॅम न लिहिता मी थेट तुमच्याच वाटीच्या मापात आहार लिहून देईन.